कॅम्प दापोली : पलटण उठून गेल्यानंतर

खेडहून दापोलीकडे येणारी वाट डोंगराच्या कुशीतून वळणे घेत चढू लागते, तेव्हा दरी, खाडी, उतरणीवरची भातखाचरे आणि माडापोफळींच्या आड दडलेली कौलारू घरे असे कोकणाचे जे चित्र आपण मनात बाळगून निघालेले असतो, ते बराच वेळ अबाधित राहते. परंतु चढण सरते, डोंगरमाथा रुंदावत जातो आणि थोड्याच वेळात दृष्टीसमोर असे काही मोकळे, सपाट आणि वाऱ्याला सर्व बाजूंनी खुले पठार पसरते, की क्षणभर आपण घाट ओलांडून देशावरच्या एखाद्या लष्करी ठाण्यात येऊन पोहोचलो की काय, असा भास व्हावा. गावाच्या मध्यभागी विस्तीर्ण मैदान. त्याच्या कडेने सरळ रेषेत गेलेले, कोकणातल्या पाणंदीशी यत्किंचितही नाते न सांगणारे रुंद रस्ते. त्यांच्या बाजूला मोठमोठ्या आवारांतून मागे सरकून बसलेली जुनी घरे. कोकणातले गाव देवळाभोवती, विहिरीभोवती किंवा बंदराभोवती वाढते. हे गाव मैदानाभोवती वाढले आहे, आणि ते तसे का वाढले याचे उत्तर त्याच्या नावातच आहे. आजही पत्त्यावर 'कॅम्प दापोली' असे लिहिणारे लोक आहेत. 'मौजे दापोली' हे त्याहून निराळे, जुने, शेतीवाडीचे गाव. आणि गिम्हवणे, जोगळे, जालगाव या शेजारच्या गावांच्या मधोमध, माळावर वसलेला तो 'कॅम्प'. गाव मूळचे रयतेचे, कॅम्प मात्र सरकारच्या हुकुमाने वसलेला.

या छावणीचा शोध घेण्यासाठी मी अश्विनाच्या अखेरीस येथे आलो, तेव्हा बराकी शोधाव्यात, त्यांची मापे घ्यावीत, कोणत्या इमारतीत काय होते याची टिपणे करावीत, असा माझा साधा मनसुबा होता. दोन दिवस हिंडल्यानंतर माझ्या ध्यानात आले की, मी चुकीची वस्तू शोधत होतो.

प्रथम छावणी येथेच का, ते सांगितले पाहिजे. दापोलीच्या पायथ्याशी हर्णैचे बंदर आणि त्याच्यासमोर पाण्यात उभा असलेला सुवर्णदुर्ग. तुळाजी आंग्र्यांचा हा जलदुर्ग १७५५ साली कंपनीच्या आरमाराचा कमोडोर विल्यम जेम्स याने पेशव्यांशी झालेल्या करारानुसार घेतला आणि तो पेशव्यांच्या स्वाधीन झाला. त्याच मोहिमेत उत्तरेकडे सावित्रीच्या मुखावर असलेले बाणकोट इंग्रजांच्या हाती आले, त्याला त्यांनी 'फोर्ट व्हिक्टोरिया' असे नाव दिले, आणि पुढल्या वर्षीच्या तहाने ते कंपनीकडे कायम झाले. म्हणजे दक्षिण कोकणचा उरलेला मुलूख १८१८ साली पेशवाईच्या अस्ताबरोबर कंपनीच्या अमलाखाली आला, त्यापूर्वी साठ वर्षे या किनाऱ्याशी तिचा परिचय होता. नव्या मुलखाचा मुलकी कारभार आरंभी बाणकोटाहून चाले. १८२२ मध्ये तो रत्नागिरीस गेला. परंतु लष्करास बाणकोट किंवा हर्णै सोयीचे नव्हते. खाडीकाठची दमट हवा, पावसाळ्यातला ताप आणि कवायतीस पुरेल एवढ्या सपाट जमिनीचा अभाव, या तीन अडचणींवर समुद्रापासून दोन-अडीच कोसांवरचे हे पठार हा एकच उपाय होता. दारूगोळा, धान्य आणि माणसे गलबतांतून हर्णैस उतरवावीत आणि तेथून वर चढवावीत. पावसाळ्यात समुद्र बंद झाला, म्हणजे वरच्या वर चार महिने काढावेत. अशा रीतीने दक्षिण कोकणचे लष्करी ठाणे म्हणून दापोलीचा कॅम्प उभा राहिला.

छावणी म्हटली म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर लांबट दगडी बराकींच्या ओळी येतात. परंतु त्या बहुतांशी गोऱ्या सोजिरांसाठी असत. मुंबई इलाख्याच्या लष्करातील देशी पलटणींची राहण्याची रीत वेगळी होती. परेडच्या मैदानामागे शिपायांच्या 'लायनी' आखून दिल्या जात, आणि सरकारातून घरबांधणीसाठी मिळणाऱ्या अल्पशा रकमेत प्रत्येक शिपाई आपले खोपट आपणच उभारी. कोकणात ते कसे असणार, हे सांगावयास नको: कुडाच्या भिंती, त्यांवर शेणमातीचा गिलावा, वर पेंढ्याचे किंवा गवताचे शाकारलेले छप्पर. त्या खोपटात त्याची बायको, मुले, क्वचित म्हातारी आई, अशी सगळी बिऱ्हाडे नांदत. पलटणीची बदली झाली, की खोपट मागे राही. दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत त्याचे छप्पर कुजे, तिसऱ्यापर्यंत भिंती विरघळत, आणि चौथ्या पावसाळ्यात तेथे रान माजे. म्हणूनच ज्या शेकडो माणसांनी ही छावणी खऱ्या अर्थाने वसवली, त्यांची एकही भिंत आज उभी नाही.

उभे आहे ते साहेबांचे. जांभ्या दगडाची पडझड झालेली चर्चची वास्तू, आणि तिच्याप्रमाणेच विस्मृतीत गेलेले युरोपियनांचे कबरस्तान. मी त्या कबरस्तानात सकाळी गेलो, तेव्हा पाऊस नुकताच उघडला होता आणि गवत कमरेइतके वाढलेले होते. जांभा हा विलक्षण दगड आहे. खाणीतून काढताना तो इतका मऊ असतो की पाथरवट त्याला कुऱ्हाडीसारख्या हत्याराने चिऱ्याच्या आकारात तासतो. मग उघड्यावर पडला, वारा आणि ऊन लागले, म्हणजे तो वर्षानुवर्षे घट्ट होत जातो. एका थडग्याच्या चौथऱ्यावरचा गिलावा पूर्णपणे गळून पडला होता आणि आतले चिरे उघडे झाले होते. त्यांच्या लहान लहान छिद्रांतून शेवाळ आणि नेच्याची कोवळी पाने बाहेर आली होती, आणि एका चिऱ्याच्या कडेवर हत्याराचे तिरपे घाव, एकाखाली एक, अगदी आजच मारल्यासारखे स्पष्ट दिसत होते. थडग्यात निजलेल्या माणसाचे नाव वाचता येण्याच्या पलीकडे गेले होते. हा चिरा तासणाऱ्या स्थानिक कारागिराची खूण तेवढी राहिली होती. मी बराच वेळ त्या घावांवरून बोट फिरवीत उभा राहिलो.

त्या लायनींत राहणारा शिपाई कोण होता? मुंबईच्या लष्कराचे एक वैशिष्ट्य असे की, बंगालच्या लष्करात जातीजातींना जो मान आणि जे वेगळेपण दिले जाई, ते येथे सहसा दिले जात नसे. मराठे, महार, मुसलमान, परदेशी, किनाऱ्यावरचे बेने इस्राएल हे एकाच पलटणीत, एकाच रांगेत खांद्याला खांदा लावून उभे राहत. कोकण तर या भरतीचे माहेरघर होते. येथील जमीन थोडी, खोताचा अंमल कडक, आणि ज्याच्या नावावर जमिनीचा तुकडाही नाही अशा महार कुटुंबास गावकीच्या सेवेपलीकडे आणि बलुत्याच्या ओंजळभर धान्यापलीकडे पाहण्यास दुसरी जागाच नव्हती. कंपनीच्या लष्कराने त्याला रोख तनखा दिला, अंगावर डगला दिला, हातात बंदूक दिली, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे दुसऱ्या माणसांच्या रांगेत जागा दिली. कोरेगावच्या स्तंभावर १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्या शिपायांची जी नावे कोरलेली आहेत, त्यांत वीसहून अधिक नावांच्या शेवटी 'नाक' हा प्रत्यय आढळतो. तो त्या काळी महारांच्या नावास लागे. शौर्याने हुद्दा मिळे, आणि हुद्दा मिळाला की जमादार, सुभेदार म्हणून खालचे सारे शिपाई, मग ते कोणत्याही जातीचे असोत, सलाम करीत. लायनीबाहेरच्या गावात ज्याची सावली टाळली जाई, त्याला लायनीत सलाम मिळे. या एका विसंगतीतच दापोलीचा पुढचा सारा इतिहास साठवलेला आहे, असे मला वाटते.

पलटणीचा मुक्काम येथे फार काळ टिकला नाही. १८४० च्या सुमारास कवायती फौज हलवली गेली. त्यानंतर वयोवृद्ध शिपायांची एक 'व्हेटरन' पलटण येथे ठेवली होती, तीही सत्तावन्नच्या धामधुमीच्या सुमारास मोडण्यात आली. त्या वर्षी मुंबई इलाख्याच्या लष्करात उठाव झाला तो मुख्यतः कोल्हापुरास; दापोलीने त्यात काही नोंदण्याजोगे केले नाही. लष्करी ठाणे म्हणून कॅम्पाचे आयुष्य एवढेच.

तथापि पलटण उठली, म्हणून माणसे उठली नाहीत. तीस तीस वर्षे नोकरी करून, मुलखाबाहेर दूरदूरची ठाणी पाहून परतलेला शिपाई आपल्या मूळ गावी जाऊन पुन्हा महारवाड्याच्या वेशीत शिरण्यास साहजिकच तयार नसे. त्याला कॅम्प जवळचा वाटे, कारण तेथे त्याच्यासारखेच दुसरे पेन्शनर होते, हवा उत्तम होती, आणि सुभेदाराला सुभेदार म्हणून हाक मारणारी माणसे होती. मामलेदाराची कचेरी, कोर्ट, वकील मंडळी आणि म्युनिसिपालिटी यांच्यामुळे ओस पडू पाहणारी छावणी तालुक्याचे गाव बनली, आणि मिशनऱ्यांनी येथे हायस्कूल काढले. स्कॉटिश मिशनरी तर फार पूर्वीच या टापूत आले होते; मुंबईच्या विल्सन कॉलेजला ज्यांचे नाव आहे, ते डॉ. जॉन विल्सन १८२९ मध्ये हिंदुस्थानात आल्यावर मराठी शिकण्यासाठी प्रथम बाणकोट आणि हर्णै याच भागात राहिले होते.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा लेख लिहावयास बसलो, तिच्याकडे येतो. पलटणीबरोबर शाळा असे. शिपायांना आणि त्यांच्या मुलांना लिहिणे-वाचणे शिकवणारी ही लष्करी शाळा हे त्या काळातील अद्भुतच म्हटले पाहिजे. कारण गावच्या शाळेची पायरी ज्यांना चढता येत नव्हती, अशा घरांतील मुले आणि मुलीही तेथे अक्षरे गिरवीत होत्या. मंडणगड तालुक्यातील आंबवड्याच्या सकपाळ घराण्यातील रामजी मालोजी हे अशाच एका लष्करी शाळेत चौदा वर्षे मुख्याध्यापक होते आणि सुभेदार-मेजरच्या हुद्द्यापर्यंत चढले होते. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर हे हवालदार म्हणून १८८६ साली निवृत्त होऊन दापोलीस स्थायिक झाले. म्हणजे छावणीने जे मागे ठेवले, त्यात भिंती नव्हत्या. लिहिता-वाचता येणारी, कायद्याची भाषा ओळखणारी, अर्ज करणे म्हणजे काय हे जाणणारी माणसे होती. पलटणीत तक्रार असली, तर ती शिरस्त्याप्रमाणे वरिष्ठाकडे मांडावी लागे. या माणसांनी तोच शिरस्ता समाजाच्या संबंधात वापरला.

वलंगकरांचा जोतीराव फुल्यांच्या विचारांशी निकटचा संबंध होता. दापोलीस आल्यानंतर १८८८ साली त्यांनी 'विटाळ विध्वंसन' हे पुस्तक प्रसिद्ध करून धर्माचार्यांना आणि विद्वानांना अस्पृश्यतेच्या आधाराविषयी प्रश्न विचारले; 'अनार्य दोष परिहारक मंडळी' स्थापन केली; 'दीनबंधु', 'सुधारक' यांसारख्या पत्रांतून लिहिले; आणि गावोगाव फिरून कीर्तनाच्या रूपाने आपले म्हणणे लोकांना सांगितले. हातात एकतारी घेऊन जाणारा हा म्हातारा हवालदार ज्या काळात शास्त्रीपंडितांना प्रश्न विचारीत होता, तो काळ नीट ध्यानात घेतला पाहिजे. पुढे १८९५ साली सरकारने त्यांना महाडच्या तालुका लोकल बोर्डावर नेमले, तेव्हा त्यांच्या शेजारी बसण्यास वरिष्ठ जातींच्या सभासदांनी हरकत घेतली. १९०० साली त्यांचा अंत झाला.

परंतु दापोलीतला मुख्य झगडा शाळेचा होता. म्युनिसिपालिटीची शाळा ही सार्वजनिक पैशांतून चाललेली. १८५४ च्या शिक्षणविषयक खलित्याचा अर्थ उघड होता की, अशा शाळांतून जातीवरून कोणास मज्जाव करता येणार नाही. तरीही १८५६ साली धारवाडच्या एका महार मुलाचा प्रवेशाचा अर्ज सरकारनेच नाकारला होता, आणि १८८२ च्या हंटर कमिशनने तत्त्वाचा पुनरुच्चार केला तरी व्यवहार जागचा हलला नव्हता. १८९० नंतरच्या त्या वर्षांत दापोलीच्या महार पेन्शनरांनी आपल्या मुलांना म्युनिसिपल शाळेत घ्यावे, म्हणून अर्ज केले. नुसती विनंती करून ते थांबले नाहीत. आपण कर देतो, आपण सरकारची नोकरी केली आहे, आणि सरकारचा नियम आपल्या बाजूने आहे, अशी ही मागणी होती. शेवटी मुलांना शाळेत घेतले गेले, पण वर्गात नाही. त्यांना बसवले ते शाळेच्या पडवीत.

ही पडवी आपण डोळ्यांसमोर आणली पाहिजे. कोकणातल्या कोणत्याही घराला, शाळेला पडवी असते. उतरत्या छपराची, पुढून उघडी, पावसाचा मारा अडवण्यासाठी समोर झडपा लावलेली. आत वर्गात गुरुजी फळ्यावर लिहीत आहेत, आणि बाहेर पडवीत बसलेले मूल खिडकीतून किंवा दारातून ते अक्षर पकडण्याचा प्रयत्न करीत आहे. पावसाळ्यात झडपा खाली सोडल्या म्हणजे पडवीत अंधार होई आणि कौलांवरच्या धारांत गुरुजींचे शब्द बुडून जात. त्या मुलाचा बाप मुलखाबाहेर लढून आला होता, त्याच्या छातीवर बिल्ला होता. आणि मुलगा पडवीत बसला होता. मला या इतिहासातील कोणत्याही लढाईपेक्षा ही गोष्ट अधिक अस्वस्थ करते.

एवढ्यावर भागले नाही. याच सुमारास, १८९२-९३ च्या दरम्यान, सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. 'लढवय्या जाती' आणि बाकीच्या जाती अशी नवी विभागणी करणारे धोरण तेव्हा लष्करात बळावत होते, आणि ज्यांनी तीन पिढ्या कंपनीची आणि नंतर राणीची चाकरी केली, त्यांना त्यात जागा नव्हती. दापोलीच्या पेन्शनरांना हा घाव किती खोल लागला असेल, याची कल्पना केली पाहिजे. कारण लष्कर बंद होणे म्हणजे तनखा बंद होणे एवढेच नव्हते, त्यांच्या मुलांना अक्षर देणारी शाळाही त्याबरोबर बंद होत होती. १८९४ साली वलंगकरांनी लष्करी अधिकाऱ्यांकडे पाठविण्यासाठी अर्जाचा मसुदा तयार केला, आणि त्यात आपल्या लोकांच्या सेवेचा पूर्वेतिहास मांडला; रामजी सुभेदारांनीही याच बाबतीत न्यायमूर्ती रानडे यांच्याकडे जाऊन अर्ज तयार करण्यास साहाय्य घेतले, असे चरित्रकारांनी नमूद केले आहे. अर्जांचा उपयोग झाला नाही. पुढे पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, निकड पडली तेव्हा '१११ महार' पलटण उभी केली आणि १९२१ मध्ये मोडली. आजची महार रेजिमेंट उभी राहण्यास १९४१ साल उजाडावे लागले.

येथे थोडे विषयांतर करतो. हे अर्ज लिहिले जात होते, त्या वर्षांत याच कॅम्पात एका वकिलाचा मुलगा मिशनच्या हायस्कुलात शिकत होता. १८९७ साली तो येथून मॅट्रिक झाला, आणि पुढे त्याने धर्मशास्त्राचा प्रचंड इतिहास लिहिला. ते भारतरत्न महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे. ज्या धर्मशास्त्राविषयी वलंगकर हवालदार प्रश्न विचारीत होते, त्याच शास्त्राचा आयुष्यभर शोध घेणारा विद्वान काही फर्लांगांच्या अंतरावर लहानाचा मोठा होत होता. आणखी काही वर्षांनी त्याच मिशन हायस्कुलात पालगडचा एक मुलगा आला, पांडुरंग सदाशिव साने. १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे, म्हणून त्यांनी प्राण पणाला लावून उपोषण केले. समुद्राच्या बाजूला मुरुडास धोंडो केशव कर्वे यांचे घर. दापोलीजवळच्या वणंद गावी १८९८ साली रमाबाई आंबेडकरांचा जन्म झाला. त्यांचे वडील बंदरावर मासळीच्या टोपल्या वाहून संसार चालवीत. एवढ्याशा टापूत हे सारे घडले, आणि या साऱ्यांच्या वाटा त्या एका मैदानाच्या कडेने गेल्या.

रामजी सुभेदार निवृत्त होऊन महूहून दापोलीस आले, ते येथेच कायमचे राहावे या विचाराने. धाकटा भीमराव तेव्हा अगदीच लहान, नुकता अक्षरओळख होण्याच्या वयाचा. चौदा वर्षे ज्याने शिपायांच्या मुलांना शिकवले, त्या मुख्याध्यापकाला आपल्या स्वतःच्या मुलांना कोठे शिकवावे, हा प्रश्न पडला असेल, हे सांगण्यास कोणत्याही दप्तराची गरज नाही. डॉ. बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत एवढेच लिहिले आहे की, काही कारणाने वडिलांनी विचार बदलला आणि कुटुंब दापोली सोडून साताऱ्यास गेले.

निघण्यापूर्वी मी एकदा मैदानाच्या कडेला जाऊन बसलो. संध्याकाळची वेळ होती. मुले क्रिकेट खेळत होती, आणि शाळा सुटून घरी निघालेल्या दोन मुली सुरूच्या झाडाखाली दप्तरे टेकवून खेळ पाहत उभ्या होत्या. मला साताऱ्याची शाळा आठवली. तेथे सुभेदाराच्या त्या मुलाने वर्गात एका कोपऱ्यात, सगळ्यांपासून वेगळे, गोणपाटाच्या तुकड्यावर बसावयाचे होते. शाळा झाडणारा नोकर त्या गोणपाटाला हात लावीत नसे, म्हणून ते रोज संध्याकाळी गुंडाळून घरी न्यावयाचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत आणावयाचे, असा शिरस्ता होता.